मोठ्या जातीच्या पिल्लाला किती आणि किती वेळा खायला घालायचं? सतत येणारे प्रश्न

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड असं पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच खाण्याचे प्रश्न सुरू होतात, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ब्रीडर एक, दुकानदार दुसरं, शेजारचे काका तिसरं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत, सोप्यापासून अवघडापर्यंत. घाई असेल तर ४, ६ आणि ७ तरी वाचाच.

१. मोठी जात म्हणजे नक्की कुठली? आमचं लॅब आहे, ते यात येतं का?

हो, येतं. पूर्ण वाढ झाल्यावर साधारण २५ किलोच्या वर जाणारं कुत्रं मोठ्या जातीचं धरतात आणि ४५ किलोच्या वर गेलं तर जायंट. म्हणजे लॅब, गोल्डन, जीएसडी (जर्मन शेफर्ड), रॉटी (रॉटवायलर), डोबरमन हे मोठे आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ हे जायंट. क्रॉस असेल तर आईवडिलांचं वजन विचारा, पंजे बघून अंदाज करू नका, तो बऱ्याचदा चुकतो.

२. पिल्लू आहे, वाढीचं वय आहे, मागेल तेवढं घालू दे की! त्यात बिघडतं काय?

हाडं आणि सांधे बिघडतात. ही पिल्लं वर्ष-दीड वर्षात जन्माच्या वजनाच्या कितीतरी पट होतात, जास्त खाल्लं की वाढीचा वेग आणखी वाढतो आणि वजन आधी येतं, हाडं मागून. मग हिप डिसप्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), कोपर आणि खांद्याच्या सांध्यातले कूर्चेचे आजार यांचा धोका वाढतो. आनुवंशिकता असतेच पण खाणं आपल्या हातात असतं.

याचा एक मोठा पुरावा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर घेऊन आयुष्यभराचा अभ्यास झाला, निकाल २००२ साली छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या, आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, फूड तेच. कमी खाणारी सरासरी १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२ वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांना सांध्यांचा त्रासही कमी आणि उशिरा झाला. म्हणजे फक्त वाटी मोजून दिल्यामुळे जवळपास पावणेदोन वर्षांचा फरक. मला तरी यापेक्षा महत्त्वाची दुसरी गोष्ट या सगळ्या विषयात दिसत नाही.

आणि सावकाश वाढवलं म्हणून कुत्रं खुजं राहत नाही. उंची आईवडिलांकडून ठरलेली असते, ती गाठणारच, थोडी उशिरा एवढंच. (कमी म्हणजे उपाशी नाही, ते कसं ओळखायचं ते प्रश्न ६ मध्ये.)

३. दिवसातून किती वेळा द्यायचं?

दोन ते चार महिने: ४ वेळा, अगदीच जमत नसेल तर ३.
चार ते सहा महिने: ३ वेळा.
सहा महिन्यांनंतर: २ वेळा, आणि मग आयुष्यभर २ वेळाच. मोठ्या कुत्र्याला एकदाच ढीगभर घालू नये, का ते प्रश्न १८ मध्ये आहे.

वेळा ठरलेल्या ठेवा, वाटी १५-२० मिनिटं ठेवा आणि उरलं तर उचला. दिवसभर भरलेली वाटी ठेवायची नाही. पिल्लू किती खातंय ते कळत नाही आणि शीचं ट्रेनिंगही लांबतं कारण खाल्ल्यावर थोड्याच वेळात शी येते, खायची वेळच ठरलेली नसेल तर बाहेर कधी न्यायचं?

४. नक्की किती ग्रॅम? एक आकडा सांगा.

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, पण हिशोब सोपा आहे आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. पिल्लाचं आजचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं परत वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीमध्ये. चार महिन्यांपर्यंत याच्या साधारण ३ पट, त्यानंतर साधारण २ पट, आणि पूर्ण वाढ जवळ आली की त्याहून थोडं कमी.

उदाहरण घेऊ. तीन महिन्यांचं, १० किलोचं लॅब. १० गुणिले १० गुणिले १० म्हणजे १०००, दोनदा वर्गमूळ काढलं की ५.६२, गुणिले ७० म्हणजे साधारण ३९४. त्याच्या तिप्पट ११८०. फूडच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला ३१० ग्रॅम, चार वेळात वाटून प्रत्येक वेळी ७५-८० ग्रॅम.

आता हेच पिल्लू साडेपाच महिन्यांचं, २० किलोचं झालं. हिशोब करा, दुपटीने १३२० च्या आसपास येतं, म्हणजे साधारण ३५० ग्रॅम. वजन दुप्पट झालं आणि खाणं वाढलं फक्त ४० ग्रॅम! इथेच बहुतेक घरांत गडबड होते, वजन दुप्पट म्हणून वाटीही दुप्पट होते आणि पिल्लू गोल व्हायला लागतं.

हा आकडा सुरुवातीचा आहे. दर आठवड्याला वजन करा (पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग आपलं एकट्याचं वजन वजा करा), प्रश्न ६ प्रमाणे हात लावून बघा आणि दहा टक्के इकडे-तिकडे करा.

आणि ग्रॅम म्हणजे काट्यावर मोजलेले ग्रॅम. "एक वाटी" प्रत्येकाच्या घरात वेगळी असते, मेजरिंग कपनेही भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे फरक पडतो. किचनचा छोटा डिजिटल काटा घ्या, पोळ्यांची कणीक मोजायलाही होईल.

५. पाकिटावरच्या तक्त्यात तर वेगळाच आकडा आहे. कोणाचं ऐकू?

आधी तक्ता नीट वाचलाय का ते बघा. बऱ्याच पपी फूडवर डावीकडे जे वजन असतं ते पिल्लाचं आजचं नसून मोठं झाल्यावरचं असतं, आणि वरच्या ओळीत वय. काही कंपन्या आजचं वजन लिहितात. उलटं वाचलं की घोटाळा होतो. तसंच तो आकडा पूर्ण दिवसाचा असतो, एका वेळचा नाही. नीट वाचूनही फरक राहिला तर दोन्हीपैकी कमी आकड्याने सुरू करा, दोन आठवड्यांत पिल्लाचं अंगच सांगतं.

६. आमच्या पिल्लाच्या बरगड्या हाताला लागतात, येणारे-जाणारे म्हणतात उपाशी ठेवता का. खरंच बारीक आहे का ते?

बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत. तपासायची पद्धत अशी: तळहात बरगड्यांवरून हलकेच फिरवा, दाब न देता एकेक बरगडी कळली पाहिजे पण लांबून नजरेला सगळ्या दिसू नयेत. वरून बघितलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली, आणि बाजूने बघितलं तर पोट मागे वर चढत गेलेलं. डॉक्टर याला १ (हडकुळं) ते ९ (लठ्ठ) असे मार्क देतात, मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ४ किंवा ५ छान. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर जाड. मणके, कमरेची हाडं टोचत असतील आणि मांड्यांवर मांस नसेल तर खरंच बारीक, तेव्हा वाढवा.

आपल्याकडे गुबगुबीत पिल्लू म्हणजे सुदृढ असं डोक्यात बसलंय, त्यामुळे नातेवाईक बोलणारच. त्यांचा हात धरून बरगड्यांवर फिरवून दाखवा, बहुतेकांना पटतं. एक अपवाद: पोटच तेवढं मोठं आणि बाकी अंग बारीक, केस निस्तेज, तर ते जंत असू शकतात, खाणं न वाढवता आधी डॉक्टरांकडून जंताचं औषध घ्या.

७. दुकानदाराने कॅल्शिअमचं सिरप दिलंय, मोठी जात आहे म्हणून. किती चमचे?

चांगलं पपी फूड चालू असेल तर शून्य चमचे. हे मी कळकळीने सांगतेय कारण हे सिरप जवळजवळ प्रत्येक घरात असतं आणि प्रेमापोटीच दिलं जातं.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या आतड्यात नको असलेलं कॅल्शिअम कमी शोषायची सोय असते. लहान पिल्लात, साधारण सहा महिन्यांपर्यंत, ती नीट चालत नाही, जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त आत जातं आणि हाडांच्या नैसर्गिक घडणीत अडथळा येतो. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवलं गेलं, जास्त कॅल्शिअम मिळालेल्या पिल्लांची हाडं नीट घडली नाहीत. फूडमध्ये आधीच मोजून घातलेलं असतं, वरून सिरप म्हणजे तो हिशोब मोडणं.

अपवाद दोन: घरचं शिजवलेलं खाणं (प्रश्न ११), आणि डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून दिलेलं औषध.

८. पुढचे पाय वाकलेत, मनगटं पुढे झुकलीत. आता तरी कॅल्शिअम लागेल ना?

हा प्रश्न ग्रेट डेन, जीएसडी आणि रॉटीवाल्यांकडून खूप येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच आहे. संतुलित फूड खाणाऱ्या पिल्लाचं मनगट झुकतं तेव्हा बऱ्याचदा वाढीचा वेग आणि घसरडी फरशी अशी दोन कारणं मिळतात. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाला पकड मिळत नाही. जिथे ते जास्त वावरतं तिथे रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी टाका, रोज माती-गवतावर चालवा, वजन जास्त असेल तर खाणं थोडं कमी करा.

पण फोटोवरून ठरवू नका. नुसतं पोळी-दूध किंवा नुसतं चिकन-भात खाणाऱ्या पिल्लात असेच पाय कॅल्शिअम कमी पडल्यामुळेही वाकतात आणि तिथे उपचार अगदी उलटा असतो. ताप, मनगटापाशी सूज, पाय टेकवत नाही, एक पाय बरा झाला की दुसरा लंगडतो, यातलं काहीही असेल तर एक्स-रे लागतो. जवळ सोय नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, किंवा नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या सरकारी वेटरनरी कॉलेजांचे दवाखाने आहेत.

९. साधं पपी फूड चालेल की लार्ज ब्रीड पपीच हवं? आणि प्रोटीन जास्त असेल तर हाडं बिघडतात का?

लार्ज ब्रीड पपीच घ्या. त्यात कॅल्शिअमची वरची मर्यादा कमी असते आणि बहुतेकदा कॅलरीही. अमेरिकेतल्या एएएफसीओ या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात मोठ्या जातीच्या वाढीसाठी कोरड्या वजनावर कॅल्शिअम १.२ ते १.८ टक्के हवं, बाकीच्यांना २.५ पर्यंत चालतं. पाकिटामागे बारीक अक्षरात "मोठं झाल्यावर ७० पौंड किंवा जास्त वजनाच्या कुत्र्यांच्या वाढीसाठीसुद्धा" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर उत्तम, ७० पौंड म्हणजे साधारण ३२ किलो.

प्रोटीनची भीती जुनी आहे. ग्रेट डेनवरच तेही तपासून झालंय, प्रोटीनने सांधे बिघडत नाहीत, कॅलरी आणि कॅल्शिअमने बिघडतात. म्हणून पिल्लाला लवकर अडल्ट फूडवर टाकायचा जुना सल्ला आता सोडून द्या.

पोतं फोडून सुटं विकतात ते घेऊ नका. त्यावर ना तारीख ना माहिती, आणि पावसाळ्यात कोकणात, मुंबईत त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

१०. मग अडल्ट फूडवर कधी न्यायचं?

मोठ्या जाती १२ ते १८ महिन्यांत, जायंट १८ ते २४. बदल सात-आठ दिवसांत हळूहळू करा, पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. कुठलंही फूड बदलताना हेच.

११. आम्हाला घरचंच द्यायचंय, चिकन-भात-गाजर. ते जास्त चांगलं ना?

वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला बेतशीर रेसिपीने चालू शकतं. वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लाला अंदाजाने शिजवून घालणं मात्र धोक्याचं आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शिअम नगण्य, भातात दोन्ही फारसं नाही, गाजराने काही भरून निघत नाही. रक्तातलं कॅल्शिअम टिकवायला शरीर मग हाडांतून ते काढून घेतं आणि हाडं इतकी मऊ होतात की सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून पिल्लाच्या वयाची लिखित रेसिपी घ्या, त्यात कॅल्शिअम, झिंक, आयोडिन, व्हिटॅमिन डी सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल, आणि ती पाळा. वाढ पूर्ण होईपर्यंत फूड आणि नंतर घरचं, हा माझ्या मते जास्त सुरक्षित रस्ता.

फूडवर थोडं उकडलेलं चिकन किंवा अंडं घातलं तर चालेल पण तेवढ्या कॅलरी फूडमधून कमी करा, आणि एकूण प्रमाण प्रश्न १५ मधल्या दहा टक्क्यांत ठेवा. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, पोळी-दूध-दही-पनीरवर वाढेल का लॅब?

पोळी-दुधावर नीट वाढणार नाही. पोट भरतं पण प्रोटीन कमी पडतं, खनिजांचा मेळ बसत नाही, आणि दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही म्हणून शी पातळ होते. घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार लार्ज ब्रीड पपी फूड द्या, कोरडं असतं, वेगळा डबा, वेगळं भांडं. तेही नको असेल तर शाकाहारी फूड पूर्ण वाढीसाठी संतुलित आहे असं पाकिटावर स्पष्ट लिहिलंय का ते बघा आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वाढवा.

१३. ३५ दिवसांचं पिल्लू आणलंय. सेरेलॅक आणि गाईचं दूध चालू आहे, बरोबर ना?

इतकं लहान पिल्लू विकणंच नियमाबाहेर आहे, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. पण आता घरी आलंय तर: सेरेलॅक माणसाच्या बाळासाठी आहे, पिल्लाला लागतं तेवढं प्रोटीन त्यात नाही. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा खूप घट्ट असतं, त्यामुळे गाईचं दूध ही बरोबरी करत नाही. स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं फूड) किंवा लार्ज ब्रीड पपी फूड कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्या. भिजवलेलं अर्ध्या तासाने टाकून द्या. आठव्या आठवड्यापर्यंत पाणी कमी करत कोरड्यावर आणा.

१४. वाटी चाटून पुसून परत मागतो, रडतो. पोट भरत नाही वाटतं?

लॅब असेल तर तो नेहमीच मागणार. अनेक लॅबमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडलाय, २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तो शोधला. डोळ्यांकडे बघून नाही, बरगड्यांवर हात ठेवून ठरवा. तेवढंच खाणं कोडं-वाटीत (जिच्यातून खाणं खटपट करून काढावं लागतं) किंवा ट्रेनिंग करताना हातातून दिलं तर वेळ लागतो आणि पिल्लू समाधानी होतं. दिवसाच्या शेवटी शी सैल होत असेल तर खाणं जास्त होतंय अशी शंका घ्या.

याच्या उलट, पिल्लू अचानक खायचं थांबलं आणि सोबत उलटी, जुलाब किंवा सुस्ती असेल तर उद्यावर ढकलू नका. लसी पूर्ण नसतील तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

१५. ट्रेनिंगचे ट्रीट, आजीची पोळी, मुलांची बिस्किटं. हे सगळं कशात धरायचं?

दिवसाच्या कॅलरीत धरायचं आणि सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत. प्रश्न ४ मधल्या लॅबसाठी दहा टक्के म्हणजे ११८ किलोकॅलरी, तूप लावलेली एक पोळी दिली की संपलं. घरात प्रत्येक जण "मी एवढंसंच दिलं" म्हणतो आणि ते खरंही असतं, पाच जणांचं मिळून जेवण होतं. सकाळी दिवसाचं फूड मोजून एका डब्यात काढा, ज्याला द्यायचंय त्याने त्यातूनच द्यायचं. आजीलाही देता येतं, पिल्लूही खूश.

अजिबात नको: द्राक्षं, मनुका आणि बेदाणे (प्रसादाच्या शिऱ्यातलेसुद्धा), कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री काहीही. खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

१६. विदर्भात मे महिन्यात खातच नाही. जबरदस्ती करू का?

नको. उन्हात भूक कमी होणं नैसर्गिक आहे. पहाटे आणि रात्री ऊन उतरल्यावर मोठा वाटा द्या, दुपारचा छोटा ठेवा, फूडवर थोडं पाणी घाला, प्यायचं पाणी दिवसातून अनेकदा बदला. वजन आठवड्याला बघत राहा. धापा थांबत नसतील, अंग तापलं असेल तर मात्र तो भुकेचा प्रश्न नाही, डॉक्टर गाठा.

१७. आमच्याकडे कारवान आहे. तुमच्या प्रश्न ६ मधल्या तपासणीने तो हडकुळाच ठरतो.

कारवान, मुधोळ, पश्मी या आपल्या देशी शिकारी कुत्र्यांची बांधणीच सडपातळ, त्यांना लॅबच्या मापाने मोजू नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं थोडी दिसणं त्यांच्यात चालतं. मांड्या आणि पाठीचे स्नायू भरलेले आहेत का ते बघा. ते असतील, पिल्लू पळतंय, शी घट्ट आहे, तर त्याला जाड करायच्या मागे लागू नका. वेळा प्रश्न ३ प्रमाणेच, ग्रॅम प्रश्न ४ च्या हिशोबाने, पण दिवसभर शेतावर पळणाऱ्याला जास्त लागेल.

उलट बाजूही सांगते: नसबंदीनंतर कुठल्याही जातीची गरज कमी होते, साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडी जास्तच, आणि भूक मात्र वाढते. टाके निघाले की वाटी कमी करा.

१८. दोघंही नोकरीला जातो. मोठा झाल्यावर रात्री एकदाच भरपूर दिलं तर?

पिल्लूपणी दुपारचं कोणीतरी देईल अशी सोय करा, शेजारी, घरकामाच्या मावशी किंवा वेळ लावता येणारा फीडर. सहा महिन्यांनंतर सकाळ-संध्याकाळ पुरतं, त्यामुळे नोकरी आड येत नाही. एकदाच मात्र नको. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, ग्रेट डेन, जीएसडी, डोबरमन, सेंट बर्नार्ड, पोट वायूने फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार होतो आणि एकाच वेळी खूप खाणं, भरभर खाणं यांनी त्याचा धोका वाढतो. भरभर खाणाऱ्याला उंचवटे असलेली स्लो फीडर वाटी द्या आणि जेवणानंतर तासभर पळापळी टाळा.

पोट फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसत नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय, इनो, ओवा काही करू नका. ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याचा आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा, आणि वेळ आलीच तर गाडी काढता काढताच त्यांना फोन लावा म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तिथे तयारी झालेली असेल.